राखून ठेवलेला डाव

बारामतीहून नीरेकडे जाणाऱ्या रस्त्यावर माळेगाव बुद्रुक हे गाव लागते. नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या मुलखात खेळू लागले. पाण्यामागून ऊस आला आणि उसामागून सहकारी साखर कारखाना आला. ज्या गावात दूध आणि पैसा यांची थोडी सुबत्ता होते त्या गावात कुस्तीस आश्रय मिळतो, हा महाराष्ट्रातील जुना अनुभव आहे. याच गावी एका वृद्ध वस्तादांशी प्रस्तुत लेखकाचे बोलणे झाले. बोलण्याच्या ओघात ते म्हणाले, "आमच्या वस्तादानं एक डाव राखून ठिवला हुता. शेवटाला मला एकट्यालाच दिला. मीबी त्यो राखूनच ठिवलाय. पर गुरुजी, पोरं आता ज्या कुस्तीला जात्यात, तिथं त्यो चालतच न्हाई."

तो डाव प्रतिस्पर्ध्याच्या लांगेची पकड घेऊन मारावयाचा होता. मातीतील कुस्तीत लांगेस हात घालण्याची मुभा आहे. गादीवरील आंतरराष्ट्रीय कुस्तीत अंगावरील कपडा धरणे निषिद्ध आहे. जन्मभर कृपणाच्या धनाप्रमाणे जपलेले नाणे बाजारात न्यावे आणि ते चलनातून गेल्याचे कळावे, तशी त्या वस्तादांची स्थिती झाली होती. त्यांच्या त्या एका वाक्यात महाराष्ट्रातील व्यायामशिक्षकांचा गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास साठविलेला आहे, असे मला वाटले. शिष्याने शिकावे हे सर्वांस मान्य आहे. परंतु गुरूनेही शिकत राहावे काय, आणि राहावे तर कोणाकडून, हा त्या इतिहासातील खरा प्रश्न आहे.

डाव राखून ठेवण्याची चाल फार जुनी आहे. शेख सादीच्या 'गुलिस्तान' या १२५८ सालच्या ग्रंथात एका मल्लाची कथा आहे. त्यास तीनशे साठ डाव येत असत. त्यांपैकी तीनशे एकोणसाठ त्याने आपल्या आवडत्या शिष्यास शिकविले आणि एक मागे ठेवला. पुढे शिष्य उन्मत्त होऊन राजासमक्ष गुरूवरच चालून गेला, तेव्हा त्या शिल्लक डावाने गुरूची लाज राखिली. ही कथा आपल्याकडील तालमींतून निरनिराळ्या रूपांनी सांगितली जाते, आणि बहुधा गुरूच्या शहाणपणाचे उदाहरण म्हणूनच सांगितली जाते. या वृत्तीस केवळ हेवा म्हणून हिणविणे न्याय्य नाही. वस्तादास वेतन नसे. दरबारचा आश्रय, जत्रेतील इनाम आणि गावकऱ्यांनी घातलेले धान्य यांवर त्याचा योगक्षेम चाले. विद्या हीच त्याची जमीन होती, आणि जमीन कोणी सहजासहजी दुसऱ्याच्या नावे करून देत नाही.

तथापि या रीतीत एक मोठा दोष होता. जो डाव राखून ठेविला जातो त्याची परीक्षा होत नाही. चार शिष्य तो चार ठिकाणी वापरतील, त्यास तोड काढली जाईल, तोडीवर पुन्हा नवी तोड निघेल, तेव्हाच डाव वाढतो. शिवाय गुप्त विद्या माणसाबरोबर चितेवर जाते. कल्याणीच्या चालुक्यांपैकी सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' रचिला. त्यात मल्लविनोदाचे स्वतंत्र प्रकरण असून मल्लांची प्रतवारी, त्यांचा आहार आणि त्यांची मेहनत यांविषयी बारकाईने लिहिले आहे. म्हणजे ही विद्या लिहून ठेवण्यासारखी आहे, हे आपल्या पूर्वजांस आठ-नऊ शतकांपूर्वी समजले होते. तरीही पुढील काळात ती बहुतांशी तोंडी आणि घराण्यांच्या कुंपणातच राहिली.

हे कुंपण ओलांडणारा पहिला ठळक पुरुष म्हणजे बाळंभटदादा देवधर. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या या मल्लाने मल्लखांब प्रचारात आणिला, हे सर्वश्रुत आहे. निजामाच्या मुलखातून आलेल्या दोन बलाढ्य पहिलवानांचे आव्हान त्याने स्वीकारले, पण तत्क्षणी आखाड्यात न उतरता काही काळाची सवड मागून घेतली, अशी आख्यायिका आहे. त्या सवडीत तो सप्तशृंगीच्या डोंगरात राहिला आणि झाडांवरील वानरांच्या उड्या व पकडी पाहून त्याने लाकडी खांबावरील मेहनत बसविली. आख्यायिकेतील अद्भुताचा भाग वेगळा काढला तरी जे उरते ते महत्त्वाचे आहे. पेशव्यांच्या पदरचा नामांकित मल्ल आपल्याजवळची विद्या अपुरी आहे असे समजून पुन्हा विद्यार्थी झाला. आणि जे मिळाले ते त्याने लपविले नाही. १८१८ साली पेशवाई बुडाली, परंतु मल्लखांब बुडाला नाही. शिष्यपरंपरेने तो काशीपासून बडोद्यापर्यंत पसरला.

यापुढील कथा बडोद्याची आहे. तेथे जुम्मादादा या मुसलमान वस्तादांची तालीम होती, आणि त्यांचे पट्टशिष्य म्हणजे राजरत्न प्रोफेसर माणिकराव. माणिकरावांनी गुरूच्या विद्येत दोन गोष्टींची भर घातली. पहिली संघव्यायामाची. एका वस्तादाने एका पठ्ठ्यास घडवावे ही जुनी रीत; शेकडो मुलांनी एका आज्ञेसरशी कवायत, लाठी वा लेझीम करावी आणि ती आज्ञा इंग्रजी नसून देशी भाषेत असावी, ही माणिकरावांची योजना. दुसरी भर हाडवैद्यकाची. मोडलेले हाड व निखळलेला सांधा बसविण्याच्या कलेत त्यांची ख्याती होती. ज्याने दुखावलेले शरीर हाताळले आहे, त्यासच मेहनतीची मर्यादा कळते. हल्लीचे क्रीडावैद्यक ज्या सत्यावर उभे आहे, ते माणिकरावांनी आखाड्यातच ओळखले होते.

१९०७ ते १९१० या काळात माणिकरावांपाशी जगन्नाथ गणेश गुणे नावाचा तरुण व्यायाम शिकत होता. हेच पुढे स्वामी कुवलयानंद झाले. गुरूचे ऋण त्यांनी गुरूची नक्कल करून फेडिले नाही. त्यांनी गुरूच्या विद्येस प्रश्न विचारून ते फेडिले. १९२४ साली लोणावळ्यास त्यांनी कैवल्यधाम स्थापिले व त्याच साली 'योगमीमांसा' हे त्रैमासिक काढिले. नौली करताना आतड्यातील दाब किती उतरतो हे त्यांनी यंत्राने मोजिले. आसनांच्या वेळी शरीरात काय घडते ते क्ष-किरणांनी पाहिले. 'माझ्या गुरूंनी सांगितले म्हणून' या उत्तराच्या जागी 'मोजून पाहिले तेव्हा असे आढळले' हे उत्तर आले. आपल्या व्यायामविद्येच्या इतिहासात इतका मोठा पालट दुसरा झाला नसेल. एका तालमीत जुम्मादादांकडून माणिकरावांकडे आणि माणिकरावांकडून कुवलयानंदांकडे विद्या गेली, आणि प्रत्येक पायरीवर तिची जात बदलली. एकाची विद्या समूहाची झाली, समूहाची विद्या प्रयोगशाळेची झाली.

बडोद्यासच एका वेगळ्या मार्गाने हे कुंपण मोडले. दत्तात्रेय चिंतामण मुजुमदार यांनी 'व्यायामज्ञानकोश' संपादिला. १९३६ ते १९४९ या काळात त्याचे दहा खंड मराठीत प्रसिद्ध झाले. कुस्ती, मल्लखांब, लाठी, आसने, खेळ, दुखापतींवरील उपाय या सर्वांचा त्यात चित्रांसह संग्रह आहे. ज्या डावासाठी एके काळी शिष्यास दहा वर्षे वस्तादाचे पाय चेपावे लागत, तो डाव आता ग्रंथालयात बसून कोणाही शिक्षकास पाहावयास मिळू लागला. पुस्तक वाचून कोणी मल्ल होत नाही, हे खरे. परंतु जो आधीच वस्ताद आहे त्यास पुस्तकाने अधिक चांगला वस्ताद होता येते. पुस्तकाचा खरा उपयोग शिष्यापेक्षा गुरूसच अधिक आहे.

वऱ्हाडात हेच कार्य संस्थेच्या रूपाने झाले. अमरावतीस १९१४ साली वैद्य बंधूंनी हनुमान क्लब काढिला. त्याचेच पुढे श्रीहनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाले. मंडळाची थोरवी त्याने किती मल्ल घडविले यात नाही. त्याने शिक्षक घडविण्याचे वर्ग चालविले यात आहे. उन्हाळ्याच्या सुटीत शाळाशाळांतून शिक्षक येत, शिकून जात आणि आपापल्या गावी शिकवीत. १९३६ साली बर्लिन येथे ऑलिम्पिक सामने भरले, तेव्हा मंडळाच्या पथकाने तेथे कबड्डी व देशी व्यायामाची प्रात्यक्षिके करून दाखविली. मुंबई इलाख्यात सरकारी व्यायामशिक्षणसंस्था १९३८ साली कांदिवलीस निघाली. अशा रीतीने वस्तादाच्या जोडीस 'व्यायामशिक्षक' हा नवा व्यवसाय उभा राहिला.

या देवघेवीत आपण केवळ घेतलेच असे नाही. आपल्या तालमीतील मुद्गल व जोडी एकोणिसाव्या शतकात इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनी पाहिली, हलकी करून विलायतेस नेली आणि 'इंडियन क्लब' या नावाने ती युरोप-अमेरिकेच्या व्यायामशाळांतून फिरू लागली. १९०४-०५ च्या सुमारास सँडो हिंदुस्थानात येऊन आपल्या बलाचे प्रयोग दाखवून गेला, आणि आपले तरुण डंबेल्स व स्प्रिंगांच्या नादी लागले. आपलीच विद्या परदेशी नाव घेऊन आपल्या दारी आली की आपण तिचे कौतुक करितो आणि ती घरात असता तिला गावंढळ म्हणतो, हा दोष आपल्यात आहेच. परंतु त्यास उत्तर म्हणून दार लावून घेणे हा दुसरा, तितकाच मोठा दोष होय.

दार उघडे ठेवण्याचे फळ कोणते व बंद करण्याचे कोणते, हे पाहावयाचे असेल तर कोल्हापुराकडे वळले पाहिजे. शाहू महाराज १९०२ साली विलायतेस जाताना रोम येथील प्राचीन रंगभूमी पाहून आले, आणि तिच्या धर्तीवर त्यांनी खासबागेचे कुस्ती मैदान उभारिले. ते १९१२ साली पुरे झाले. त्या मैदानाच्या छायेत वाढलेल्या विद्येचा सर्वांत मोठा मानकरी म्हणजे कराडजवळील गोळेश्वर येथील खाशाबा जाधव. १९४८ साली लंडनच्या ऑलिम्पिकात ते उतरले, तेव्हा गादीवरील कुस्ती व तिचे नियम त्यांस नवे होते. तेथे रीस गार्डनर या अमेरिकन शिक्षकाने त्यांस तालीम दिली आणि त्यांस सहावा क्रमांक मिळाला. परत येऊन त्यांनी चार वर्षे मेहनत केली. पुढच्या प्रवासखर्चासाठी राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डीकर यांनी आपले राहते घर गहाण ठेविले. १९५२ साली हेलसिंकीस जाधवांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक होय.

त्यानंतर काय झाले? कुस्तीतील पुढचे भारतीय ऑलिम्पिक पदक सुशीलकुमार याने २००८ साली बीजिंगला मिळविले; मध्ये ५६ वर्षे गेली. महाराष्ट्राच्या वाट्यास दुसरे वैयक्तिक पदक २०२४ साली पॅरिसमध्ये आले, ते कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे याने नेमबाजीत मिळविले. मध्ये ७२ वर्षे गेली. कुस्तीत महाराष्ट्राचा तो दिवस अजून उगवावयाचा आहे. या काळात आपल्याकडे मल्ल नव्हते असे नव्हे. हिंदकेसरी गणपतराव आंदळकरांनी १९६२ साली जाकार्ता येथील आशियाई सामन्यांत ग्रीको-रोमन प्रकारात सुवर्णपदक मिळविले आणि पुढे कोल्हापुरात मोतीबाग तालमीत वस्ताद म्हणून जन्म घालविला. मारुती माने यांनीही त्याच सामन्यांत सुवर्ण जिंकिले. माणसे होती, मैदाने होती, लाखो प्रेक्षकही होते. पण जाधवांनी परदेशातून जे शिकून आणिले ते गावोगावच्या वस्तादांपर्यंत नेण्याची व्यवस्था नव्हती. एक मल्ल शिकला. त्याचा प्रांत शिकला नाही.

मातीची कुस्ती आणि गादीची कुस्ती यांत केवळ जमिनीचा फरक आहे असे मानणे चूक आहे. जुन्या मैदानी कुस्तीस वेळेचे बंधन नसे. चीतपट होईतो झुंज चाले. म्हणून वस्ताद हजारांच्या हिशेबात जोर-बैठका काढून घेत आणि दम व चिवटपणा वाढवीत. गादीवर हल्ली तीन-तीन मिनिटांचे दोन डाव आणि मध्ये तीस सेकंदांची विश्रांती असते. तेथे एकेक गुण हिसकावून घ्यावयाचा असतो. त्यासाठी क्षणात उसळणारी ताकद आणि क्षणात सावरणारा श्वास लागतो. हजार बैठकांनी मांडीस सोशिकपणा येतो, परंतु विजेसारखी झडप येईलच असे नाही. मेहनत ज्या कामाची करावी त्याच कामास शरीर लायक होते, हा हल्लीच्या बलसंवर्धनशास्त्राचा पहिला सिद्धांत आहे. वस्तादास तो अपरिचित नाही. घोड्यास शर्यतीसाठी आणि बैलास मोटेसाठी वेगवेगळे तयार करितात हे कोणता शेतकरी जाणत नाही? पण तो मेहनतीच्या हिशेबात उतरविण्यासाठी स्वतःच्या सवयी मोडाव्या लागतात, आणि तेथेच माणूस अडतो.

पाश्चात्त्य देशांतही हा व्यवसाय आपण समजतो तितका जुना नाही. अमेरिकेतील नेब्रास्का विद्यापीठाने १९६९ साली बॉइड एपली यास खेळाडूंची ताकद वाढविण्याच्या एकाच कामासाठी नेमिले. १९७८ साली त्याच्या पुढाकाराने असे ७६ शिक्षक एकत्र जमले आणि त्यांची संघटना स्थापन झाली. त्या संघटनेच्या प्रमाणपत्राचा एक नियम मनन करण्यासारखा आहे. परीक्षा उत्तीर्ण झाली म्हणजे प्रमाणपत्र जन्मभरासाठी मिळत नाही; दर तीन वर्षांनी, मधल्या काळात आपण काय नवे शिकलो हे दाखवावे लागते, नाहीतर ते रद्द होते. आपल्याकडे १९६१ साली पतियाळा येथे राष्ट्रीय क्रीडासंस्था निघाली, आणि पुण्यात महाराष्ट्रीय मंडळाने १९७७ साली शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय काढिले. शिकण्याची सोय झाली. परंतु एकदा मिळालेली पदवी पुन्हा तपासली पाहिजे, ही कल्पना आपल्या अंगवळणी पडलेली नाही. गावच्या तालमीतील वस्तादास तर पदवीही कोणी विचारीत नाही आणि वर्गासही कोणी बोलावीत नाही.

गुरूच्या अज्ञानाची किंमत गुरू देत नाही, शिष्य देतो. म्हणून हा प्रश्न केवळ पदकांचा नाही. १९९७ साली नोव्हेंबर व डिसेंबर या दोन महिन्यांत अमेरिकेतील तीन महाविद्यालयीन मल्ल वजन उतरविण्याच्या खटाटोपात मरण पावले. पाणी तोडून, अंगावर जाड कपडे चढवून, उष्ण खोलीत घाम गाळून वजनगटात बसण्याची रीत तेथे पिढ्यान् पिढ्या चालत आलेली होती, आणि ती शिष्यांनी ज्येष्ठांकडूनच उचललेली होती. त्यानंतर तेथे नियम बदलले. आपल्या जुन्या कुस्तीत वजनाचे गटच नव्हते. साहजिकच आपल्या परंपरेत या संकटावर उपाय नाही. जो धोका गुरूच्या तरुणपणी नव्हता, त्याविषयी गुरूच्या गुरूने काय सांगून ठेविले असणार? तीच गोष्ट मुलींच्या कुस्तीची. २००४ पासून ऑलिम्पिकात स्त्रियांची कुस्ती आहे. २०२३ साली सांगलीस पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि प्रतीक्षा बागडी हिने गदा जिंकिली. ज्या तालमीच्या उंबऱ्यावर स्त्रीचे पाऊल पडत नसे, तेथील वस्तादास आता मुलींची मेहनत, आहार व दुखणी यांविषयी आरंभापासून शिकावयाचे आहे.

येथे कोणी म्हणेल की प्रमाणपत्रांनी वस्ताद होत नाही. हा आक्षेप खरा आहे. पहाटे चार वाजता पोरांबरोबर उठणारा, त्यांच्या ताटात काय पडते ते पाहणारा, घरून वाईट बातमी आलेल्या मुलास त्या दिवशी आखाड्यात न उतरविणारा जो वस्ताद, त्याचे ज्ञान कोणत्याही वर्गात मिळत नाही. पाठीवर हात ठेवून पोरगा थकला की कंटाळला हे ओळखणारा हात यंत्रास लाभलेला नाही. परंतु आक्षेप खरा असला तरी त्यातून निघणारे अनुमान खरे नाही. ज्यास इतके दिसते त्यास थोडे अधिक दाखविले तर तो किती शिकेल! गादीचे शिक्षण पदवीधरांनी घ्यावे आणि मातीची माया वस्तादांकडे राहावी, ही वाटणी दोघांसही अपुरे ठेवणारी आहे. महाराष्ट्र केसरीच्या स्पर्धेत गादी विभागाचा विजेता आणि माती विभागाचा विजेता शेवटी एकमेकांसमोर उभे राहतात. मल्लांची अशी गाठ आपण वर्षास एकदा घालितो. त्यांच्या गुरूंची मात्र कधीच घालीत नाही.

माळेगावच्या त्या वस्तादांची हकीकत अर्धवट ठेविली आहे, ती पुरी करितो. त्या दिवशी संध्याकाळी त्यांचा एक शिष्य पुण्याच्या तालमीतून सुटीवर आलेला होता. वस्तादांनी त्यास हाक मारून गादीवरील एक पट काढण्यास सांगितले, आणि स्वतः आखाड्याच्या कडेला बसून तो तीन वेळा पाहिला. नंतर त्यांनी अंगातला सदरा काढून बाजूस ठेविला व ते मातीत उतरले. इतकी वर्षे राखलेला डाव त्यांनी लांग धरून, सर्व पोरांच्या देखत, सावकाश करून दाखविला. लहानमोठी दहा-बारा पोरे श्वास रोखून पाहत होती. डाव झाल्यावर ते त्या शिष्यास म्हणाले, "आता लांग सोड. लांगंच्या जागी मांडीत हात घातला, तर बसंल का रं ह्यो? तू तिकडचं शिकलायस. तू सांग."

त्यांचे वय त्या वेळी पंचाहत्तरीच्या पुढे होते. शिष्याने मांडीत हात घालून पाहिला. डाव अर्धा बसला, अर्धा सुटला. मग दोघेही पुन्हा पहिल्यापासून पकड घेऊ लागले. अंधार पडू लागला तेव्हा मी निघालो. ते अद्याप मातीतच होते.